हॉर्न वाजला, गारवा गेला

१

हाजी खलफान सापडले तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं, एसीचं बटण शेवटच्या खुणेवर होतं आणि जाळीतून भसाभसा वारा येत होता. फक्त तो वारा इतका गरम होता की समोर पीठ थापून धरलं असतं तर रोटी भाजून निघाली असती. हे मी नाही, मोइदू चहावाला शपथेवर सांगतो. त्यानेच हातात चहाचा कप घेऊन पुढचं दार उघडलं होतं.

हाजी मागच्या सीटवर आडवे, तोंड उघडं, डोळे पांढरे. हातातली काठी दोन पुढच्या सीटांमधून स्टिअरिंगपर्यंत पोचलेली. मोइदूने किंचाळून कप टाकला, दुकानातली बर्फाची पेटी आणली आणि अख्खी म्हाताऱ्याच्या अंगावर उपडी केली. म्हणून हाजी वाचले.

आमच्या इब्रीचं जूनमधलं ऊन तुम्हाला सांगून पटायचं नाही. माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेर ठेवलेले टायर दुपारी आपले आपण सावलीत सरकतात. नवा माणूस हे ऐकून हसतो. ओमानात एक उन्हाळा काढलेला हसत नाही.

गर्दी जमली तेव्हा ड्रायव्हर दिलमुराद मशिदीतून धावत आला. त्याने आत हात घालून इंजिन बंद केलं, आणि तेच त्याला नडलं.

हाजींचा मुलगा नासर गाडी घेऊन थेट बीबी झुवैनाच्या गॅरेजात गेला. बीबी म्हणजे आमच्या भागातली गाड्यांच्या विजेची सगळ्यात मोठी जाणकार. जन्म झांझिबारचा, आवाज भोंग्यासारखा, दाढेखाली कायम लवंग. तिने छपराखाली गाडी चालू केली, तारेला तपासणीचा दिवा लावला, जाळीपुढे हात धरला. गारेगार.

"एसी ठणठणीत आहे," बीबी म्हणाली.

"झालं तर मग," नासर म्हणाला. "त्यानेच बंद केला. सुट्टी नाकारली म्हणून माझ्या बापाला उन्हात भाजायला ठेवलं, आणि लोक जमल्यावर आत हात घालून बटण फिरवलं. मोइदू त्याच्याच पंगतीतला, तो साक्ष देणारच."

दिलमुरादला त्याने खजुराच्या कोठारात घातलं. बाहेरून कडी. पासपोर्ट तर आधीपासूनच नासरच्या कपाटात होता. उद्या संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलीस. जीव घेण्याच्या आरोपात परदेशी ड्रायव्हर एकदा आत गेला की त्याची दाढी आतच पिकते, हे इब्रीत सगळ्यांना ठाऊक.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बीबी माझ्या दुकानात आली ती लवंग चावतच.

"नट-बोल्ट, उठ." गेली कित्येक वर्षं ती मला याच नावाने हाक मारते. "माझ्या एका शब्दावर माणूस आत चाललाय. मला रात्रभर झोप नाही."

"तुम्ही खरं तेच बोललात ना? एसी चालत होता."

"नासरने विचारलं एसी चालतो का. मी म्हटलं चालतो. पण हाजींना साखरेचा आजार. मग मोइदू चहा कुणासाठी घेऊन आला होता, हे कुणी विचारलंच नाही!"

पहिल्यांदा आम्ही कोठारापाशी गेलो. वर एक हातभर झरोका, त्याला गज. गजांमागे दिलमुरादचा चेहरा. हा मकरानचा बलूच, उंच, थोडक्यात बोलणारा. आत खजुराच्या पोत्यांची ऊब अशी की गजाला हात लावला तर चिकट लागत होता.

"एसी बंद केलास?" बीबीने विचारलं.

"नाही."

"मग इतका वेळ होतास कुठे? दुपारच्या जोहरच्या नमाजाला वेळ तो किती लागतो?"

"नमाजानंतर एका म्हाताऱ्याची मय्यत होती. तिची नमाजही पढलो. मय्यत टाकून कोण उठतं, बीबी?"

"बरोबर. मय्यत गेल्यावर?"

दिलमुरादने गजावरची पकड बदलली.

"इमाम सांगतो तू भिंतीला टेकून नुसता बसला होतास. लोक निघून गेले तरी."

"बसलो होतो."

"कशाला?"

"असंच."

"अरे मुडद्या, 'असंच' म्हणून पोलीस सोडतील तुला?"

त्याने मान खाली घातली. मला तर तेव्हाच वाटलं की नासर म्हणतो ते खरं. निर्दोष माणूस एवढा अडून कशाला बसेल?

बीबीने विषय बदलला. "गाडीत याआधी काही बिघाड होता?"

"हॉर्न. ऊन तापायला लागल्यापासून दुपारी वाजायचा नाही. सकाळी तुमच्याकडे आणला की कोंबड्यासारखा आरवायचा. नासर अरबाब म्हणाले, तू खोटारडा आहेस. मग ईद झाल्यावर आपोआप बरा झाला."

"आपोआप?"

"आपोआप."

बीबी लवंग चावायची थांबली.

नासरची बायको शमसा अंगणात भेटली. डोळे रडून सुजलेले, पण बोलणं खणखणीत. "हो, मीच त्यांना मागच्या सीटवर बसवायला लावलं. मागच्या दारांना मुलांचं कुलूप, आतून उघडत नाही. खिडक्यांचं बटणही ड्रायव्हरच्या दारावरून बंद. मीच सांगितलं. करू काय? ईदनंतर त्यांच्या दिशदाशाच्या बाहीवर मला चहाचा डाग दिसला. गेल्या वर्षी त्यांच्या पायाचं बोट कापलं, बीबी. ते बोट धुवायला, बांधायला मी होते. आता अख्खा पाय जाईपर्यंत वाट बघू?"

बीबीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही निघालो. 

मोइदूचं दुकान रस्त्याच्या कडेला, मशिदीच्या समोर. आमच्याकडे चहासाठी गाडीतून कुणी उतरत नाही. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, मोइदू कप घेऊन येतो. दुपारी तिथे इतके भोंगे वाजतात की वराती निघाल्यासारखं वाटतं.

"काल हाजींच्या गाडीचा हॉर्न ऐकलास?" बीबीने विचारलं.

"ऐकला की. एकदा वाजला. मग पुन्हा. मग लांबच लांब. मी म्हटलं, येतो बाबा, जरा दम धर. माझ्यापुढे अजून गाड्या होत्या."

"आणि कप भरून नेलास. किती गोड?"

मोइदू चपलेकडे बघायला लागला.

"मोइदू."

"डबल दूध, डबल साखर," तो पुटपुटला. "बीबी, माझ्या दुकानावर चहाची पाटी आहे, डॉक्टरची नाही. म्हातारा माणूस खिडकी खाली करून कप घेतो, दोन घोटांत संपवतो आणि लहान मुलासारखा हसतो. त्याला मी नाही म्हणू?"

"आता तो मागे बसतो. खिडकी उघडत नाही."

"म्हणून तर मी पुढचं दार उघडून देतो. दिलमुराद मशिदीत गेला की."

"आणखी काही? विचित्र काही दिसलं कधी?"

मोइदूने डोकं खाजवलं. "ईदच्या सुमारास एकदा हाजी पुढच्या सीटवर असे वाकले होते की नुसती पाठ दिसत होती. मला वाटलं गेले! धावलो. तर म्हणाले, जपाची तसबीह खाली पडली, तीच शोधतोय."

बीबीने एक नवी लवंग तोंडात टाकली. "नट-बोल्ट, नासरला आणि त्याच्या बायकोला बोलाव. जोहरच्या वेळेला. गाडी घेऊन."

३

नासर आला तो कुरकुरतच. "बीबी, तुम्हीच म्हणालात ना एसी ठणठणीत आहे?"

"म्हणाले. माझ्या छपराखाली. आता हाजींच्या जागी बसून म्हणायचंय. बसा मागे दोघं."

गाडी काल होती तिथेच, मोइदूच्या दुकानासमोर भर उन्हात उभी केली. बीबी स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी, नवरा-बायको मागे. दारांची कुलपं, खिडक्यांचं बटण, सगळं कालच्यासारखं. एसी शेवटच्या खुणेवर.

गाडीत खरोखर हुडहुडी भरली. आरशाला हाजींची तसबीह लटकत होती, ती वाऱ्याने हलत होती.

"ही काढत नाहीत का कधी?" बीबीने सहज विचारलं.

"हजहून आणली तेव्हाची आहे," शमसा म्हणाली. "आरशाला गाठ मारून बांधलीय. कुणी हात लावत नाही."

वेळ जात राहिला. मशिदीतून लोक बाहेर पडले, गाड्या आल्या आणि गेल्या. नासर चेष्टेवर आला. "बीबी, मला थंडी वाजतेय. घरून शाल मागवू का?"

"मागव," बीबी म्हणाली.

तेवढ्यात पायाशी कुठेतरी 'टक' झालं. उंदराने दात आपटावा इतका लहान आवाज. इंजिनाचा सूर किंचित हलका झाला. पंखा तसाच चालू होता, जाळीतून वारा तसाच येत होता.

आणि तो वारा बदलला. आधी नुसता गार राहिला नाही. मग कोमट. मग काचेतून येणारं ऊन त्याच्यात मिसळलं आणि बघता बघता भट्टीचं दार उघडावं तसा तो तोंडावर आला. माझ्या शर्टाची कॉलर भिजली. सीटचं कातडं मांडीला चटके देऊ लागलं.

नासरने दाराची कडी ओढली. दार उघडलं नाही. खिडकीचं बटण दाबलं. काच हलली नाही.

"बीबी, पुरे. दार उघडा."

बीबी समोर बघत बसली.

"बीबी, मला श्वास घेववत नाही," शमसा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"हाजींनी हे कुणाला सांगितलं असेल?" बीबी म्हणाली.

नासरने पुढे झेप घेतली आणि आमच्या दोघांच्या मधून हात घालून हॉर्न दाबला. लांबलचक हॉर्न वाजला. दुकानातून मोइदूने हात वर केला. नासरने पुन्हा दाबला, दाबूनच धरला. काचेपलीकडून मोइदूचा आवाज आला, "येतो, येतो! दोन चहा का चार?"

नासरने काचेवर मूठ आपटली. त्याचं तोंड मला आरशात दिसत होतं. मोइदूने पंजा दाखवून 'थांब जरा' असं खुणावलं आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

नासरने हॉर्नवरचा हात काढला. 

४

"नट-बोल्ट, पायाशी हात घाल," बीबी म्हणाली. "इंजिनाच्या भिंतीला लागून झाकण आहे. काढ."

झाकणामागे काळ्या डब्या ओळीने बसवलेल्या होत्या. त्यांना रिले म्हणतात, माझ्या दुकानात त्यांची बरणी भरलेली असते. काडेपेटीहून लहान वस्तू. आपण बटण दाबलं की त्यातली पोलादी जीभ खाली टेकते, आणि पुढच्या मोठ्या यंत्राला वीज जाते. एक डबी एसीच्या कॉम्प्रेसरची, तिच्या शेजारची हॉर्नची. दोन्ही सख्ख्या जुळ्या बहिणी.

एसीच्या डबीला हात लावला आणि माझं बोट भाजलं.

"दोन्हींची अदलाबदल कर."

मी केली. पुन्हा 'टक' झालं. इंजिनाचा सूर जड झाला, आणि जाळीतून गार वारा आला. शमसाने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"आता हॉर्न दे, नासर."

नासरने दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. मुका.

बीबी खाली उतरली आणि तिने बाहेरून मागची दारं उघडली. दोघं उतरले, पण उन्हात उभे राहूनही आपण बाहेर आलोय हे त्यांना पटत नव्हतं.

"ऐका," बीबी म्हणाली. "या डबीच्या पोटातला टाका तडकलाय. गार असली की जुळतो, तापली की सुटतो. म्हणून माझ्या छपराखाली चालते आणि इथे उन्हात बराच वेळ उभी राहिली की मरते. आधी ही डबी हॉर्नच्या जागी होती. म्हणून हॉर्न दुपारी मुका आणि सकाळी आरवायचा. दिलमुराद खोटं बोलत नव्हता. ईदनंतर हॉर्न बरा झाला नाही, त्याचं दुखणं शेजारच्या घरी राहायला गेलं. कुणीतरी ही डबी काढून एसीला दिली आणि एसीची चांगली डबी हॉर्नला लावली."

"दिलमुरादनेच!" नासर म्हणाला. पण आवाजात कालचा जोर नव्हता.

"दिलमुरादला हे कळत असतं तर हॉर्नसाठी त्याने तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या? आणि दिवसभर याच गाडीत तोही बसतो. नाही, हे ज्याने केलं त्याला गारव्यापेक्षा हॉर्न मोलाचा होता. इब्रीत, उन्हाळ्याच्या तोंडावर! हॉर्नवाचून ज्याचं अडत होतं, जो तेव्हा याच पुढच्या सीटवर बसायचा, ज्याने आयुष्यात ट्रकची खटपट केलीय, आणि जो आरशाला गाठ मारलेली तसबीह जमिनीवर शोधत होता, असा माणूस तुझ्या घरात एकच आहे."

शमसा मटकन फुटपाथवर बसली.

"बाबा?" नासर म्हणाला.

"मला ओळखता येतं, सिद्ध करता येत नाही," बीबी म्हणाली. "डबीवर कुणाचं नाव नसतं. पोलीस तर दिलमुरादलाच म्हणतील, हे तूच केलंस. सोडवणारं तोंड एकच आहे, आणि ते शुद्धीवर आल्यापासून उघडलेलं नाही. चल इस्पितळात."

५

हाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. हातात सलाइनची सुई. नर्स म्हणाली, विचारलं तर मान हलवतात, बोलत नाहीत. नासरने विचारलं, शमसाने विचारलं. पाठ हलली नाही.

बीबी स्टूल ओढून बसली. तिने त्यांना काहीच विचारलं नाही.

"हाजी, मगरिबला दिलमुरादला पोलिसांत देतायत. कालपासून कोठारात कोंडलाय."

पाठ वळली. "कोण कोंडलाय?"

"दिलमुराद."

"मला तर सांगितलं त्याला मस्कतला कामाला पाठवलंय!" म्हातारा उठून बसायला लागला, नळी ताणली गेली, नर्स धावली. "कशासाठी कोंडलाय?"

"त्याने एसी बंद करून तुम्हाला मारायला टाकलं म्हणून."

हाजींनी शमसाकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. आता बोललो तर काय काय जाणार, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. गाडी जाणार. बाहेरची हवा जाणार. तो कप जाणार. उरणार घर आणि भिंत. तोंड मिटून पुन्हा भिंतीकडे वळणं फार सोपं होतं.

"मी बदलली ती डबी," हाजी म्हणाले. "बुरैमीहून वाळूतून ट्रक हाणायचो मी. या गाड्यांत असल्या डब्या असतात हे गॅरेजात बसून बघितलं होतं. हॉर्न वाजेना तर मोइदू येईना. मला काय माहीत, आजारी डबी दुसऱ्या घरात जाऊन माझाच गळा धरेल!" मग ते जरा थांबले. "काल काठीने पहिला हॉर्न चहासाठी दिला. नंतरचे जीव वाचवायला. पण हॉर्न दोन्हींना एकच. मोइदूला तरी कसं कळावं?"

शमसा पुढे आली. मला वाटलं, आता बरसणार. तिने हाजींची निसटलेली चादर पायांवर ओढली, बोट नसलेल्या पायावर जरा सावकाश, आणि म्हणाली, "चहा माझ्याकडे मागायचात ना, बाबा."

"तू दिला असतास?"

"नसता," शमसा म्हणाली, आणि रडायला लागली.

६

मगरिबला अजून अवकाश होता. नासरने स्वतःच्या हाताने कोठाराची कडी काढली. दिलमुराद बाहेर आला. अंगाला खजुराचा चिकटा, दाढीत पोत्याचे धागे. उजेडात त्याला डोळे उघडवेनात.

"हाजींनी सगळं सांगितलं," बीबी म्हणाली. "आता तू सांग. मशिदीत कशाला बसला होतास?"

दिलमुरादने नासरकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मय्यत संपता संपता हॉर्न ऐकला मी. पहिला. आमच्या गाडीचा हॉर्न मी झोपेतही ओळखीन. म्हटलं, म्हाताऱ्याने चहा मागवलाय. मी गेलो तर कप लपवावा लागेल, घोट घशात अडकेल. पिऊ दे निवांत. म्हणून बसलो. नंतरचेही ऐकले. वाटलं, मोइदू उशीर करतोय."

"हे काल बोलला असतास तर?" मी म्हटलं.

"कुणापुढे? भाभींपुढे? हाजींची तेवढीच तर गंमत होती."

 मग नासर घरात गेला आणि पासपोर्ट घेऊन आला. तो त्याने दोन्ही हातांनी दिलमुरादपुढे धरला. "सुट्टी घे. हवी तेवढी. तिकीट माझं. आणि माफ कर मला, भाऊ."

दिलमुरादने पासपोर्ट खिशात घातला. खिशावरून हात फिरवून बघितला.

"अरबाब, एक मागू?"

"माग. काहीही माग."

"जरा आत जाता?"

"कुठे?"

दिलमुरादने हनुवटीने कोठाराकडे खूण केली.

नासरचं तोंड लाल झालं. इब्रीतला मोठा माणूस, आणि अंगणात मी, बीबी, शमसा, भिंतीवरून डोकावणारे शेजारी. त्याने बीबीकडे पाहिलं. बीबी लवंग चावत आभाळात काहीतरी बघत होती. त्याने बायकोकडे पाहिलं. शमसा बाजूला झाली आणि तिने वाट मोकळी केली.

नासर आत गेला. दिलमुरादने कडी लावली. नेहमीसारखीच, ना जोरात, ना हळू.

मग तो पायरीवर बसला. शमसाने आतून चहा आणून दिला, वाफाळता. दिलमुरादने कप दोन्ही तळव्यांत धरला. दाराआडून एकदा टकटक झाली, अगदी भीत भीत.

दिलमुरादने चहावर फुंकर घातली.